एक वाट अडलेली बरी

कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या गोदीजवळच्या एका क्लिअरिंग एजंटच्या कार्यालयाचं नेटवर्क मी सांभाळत होतो. एका सकाळी फोन आला, "दादा, नेट पूरा बंद है." कस्टम्सच्या आईसगेट पोर्टलवर आयात मालाची बिल ऑफ एंट्री भरायची होती. त्यात उशीर झाला की कंटेनरचं भाडं चढतं.

सगळ्यांचा संशय बाहेरच्या लाइनवर होता. मी आधी आतला राउटर पिंग केला, तर तोही उत्तर देईना. म्हणजे दुखणं आतच होतं. रॅक उघडला, तर स्विचचे सगळे दिवे एका तालात, क्षणभरही न थांबता लुकलुकत होते.

स्विच आलेल्या फ्रेमवरचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यावरचा, पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता वाचतो आणि कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र आहे ते टिपून ठेवतो. जिथे जायचं तो पत्ता ठाऊक नसेल किंवा फ्रेम सर्वांसाठी असेल, तर ती बाकीच्या सगळ्या पोर्टवर सोडतो. केबलचं वर्तुळ झालं की तीच फ्रेम फिरून येते आणि पुन्हा सुटते. आयपी पॅकेटवरचा टीटीएल हा आकडा प्रत्येक राउटर एकाने घटवतो; शून्यावर पॅकेट संपतं. इथरनेटच्या फ्रेमला अशी मर्यादाच नाही.

लॉगमध्ये एकच मॅक पत्ता घडीत ७ नंबरच्या पोर्टवर, घडीत १९ वर दिसत होता. त्या दोन पोर्टांच्या केबलचा माग काढत गेलो. टेबलं हलवताना कुणीतरी मोकळी दिसलेली केबल टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये खोचली होती. ती उपसताच दिवे शांत झाले.

यावरचा इलाज रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधला: स्पॅनिंग ट्री. स्विच आपसात निरोप पाठवून एकाला मूळ मानतात आणि वर्तुळ करणारी जास्तीची वाट अडवतात. इथल्या मुख्य स्विचवर ती सोय बंद होती. ती चालू करून मी उपसलेली केबल मुद्दाम परत जोडली. एका पोर्टचा दिवा नारिंगी झाला, काम मात्र चालूच राहिलं.

एजंटच्या गोदामाकडे जाणाऱ्या केबलच्या जोडीला मग दुसरी केबल टाकली. ती एरवी अडवलेली असते आणि पहिली तुटली की आपोआप उघडते. मोकळी केबल दिसली की माणूस ती कुठेतरी खोचणारच. त्याला दटावून काय होणार? त्याच्या हातून वर्तुळ झालं तरी कार्यालय चालू राहावं, अशी तजवीज करणं हे नेटवर्क उभारणाऱ्याचं काम आहे.