उजवा कोपरा

अण्णांच्या डाव्या हाताची अनामिका मधल्या पेरापासून बाहेर वळलेली आहे. अडकित्त्यात सुपारी धरली की बाकीची बोटं कामाला लागतात आणि ही एकटी बाजूला उभी. विचारलं तर म्हणतात, "घोटा सोडला नाही, त्याचं बक्षीस."

अण्णा उजवा कोपरा खेळायचे. कबड्डीत चढाईवाल्याचं नाव होतं, कोपऱ्यातल्याचे गुडघे जातात. शिमगा झाला की रत्नागिरीच्या आसपास वाडीवाडीत सामने लागत. आधी आठ दिवस पोरं मैदानातले जांभ्याचे खडे वेचत, तरी एखादा राहायचाच आणि नेमका ढोपरात शिरायचा. मातीतल्या खेळाचे गोडवे गाणाऱ्यांनी ती लाल माती भरलेली जखम एकदा धुऊन पाहावी. मॅट आली ते बरंच झालं, असं माझं मत. अण्णांना ते मान्य नाही.

1973 साली अशाच एका सामन्यात त्यांना मुंबईच्या एका गिरणीच्या माणसाने पाहिलं. तेव्हा गिरण्यांचे संघ असत आणि लालबाग-परळच्या चाळी कोकणातल्या चाकरमान्यांनी भरलेल्या. अण्णा साळखात्यात लागले. सामन्याच्या दिवशी दुपारीच पाळीतून सुटका, हजेरी मात्र पूर्ण. मागांच्या खडखडाटात एक कान अधू झाला. "चढाईवाल्याचा दम ऐकू येईना. मग त्याच्या छातीकडे बघायला लागलो. दम सरत आला की छाती आधी सांगते, तोंड मागाहून." त्यांच्या बहुतेक पकडी त्यानंतरच्या.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, आणि त्यांतच हा सव्विशीतला कोपरा. खेळाडू निवृत्त होतो तो गुडघ्याने किंवा वयाने. अण्णांना निवृत्त केलं न वाजलेल्या भोंग्याने. दीड वर्ष वाट पाहून ते ट्रंक घेऊन परत आले आणि आंब्याची कलमं बांधू लागले. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, भारताने सुवर्णपदक जिंकलं. त्या दिवशी आपण कुठे होतो हे त्यांना आठवत नाही. बहुधा झाडावर.

परवा मी त्यांना रग्बी लीगची गोष्ट सांगितली. उत्तर इंग्लंडात खाणी-गिरण्यांतले कामगार शनिवारी रग्बी खेळायचे आणि तेवढी मजुरी बुडायची. भरपाई मागितली तर रग्बीची सूत्रं हातात असलेले साहेब म्हणाले, पैसे घेऊन खेळणं शोभत नाही. शोभेचा प्रश्न पोट भरलेल्यांनाच पडतो. शेवटी 29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात तिकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंगांपर्यंत द्यायचे ठरले. पुढे नियम बदलले, 1906 पासून संघात पंधराऐवजी तेरा जण आले.

"त्यात करायचं काय?"

"चेंडू घेऊन येणाऱ्याला धरायचं, पाडायचं. रेषेपर्यंत पोचू द्यायचं नाही."

"मग आपलंच की," म्हणाले.

टीव्हीवर प्रो कबड्डी चालू होती. निळी मॅट, पायांत बूट, कोपऱ्यात तीस सेकंदांचं घड्याळ. चढाईवाला उजवीकडे सरकला तसा खुर्चीतल्या अण्णांचा डावा पाय चपलेतून निघाला आणि चवड्यावर आला. टीव्हीतल्या कोपऱ्याने घाई केली, हात रिकामा गेला. अण्णांनी पाय परत चपलेत घातला.

"पोराने तोंडाकडे बघितलं," ते म्हणाले. मग सुपारीचं खांड तोंडात टाकून, "ते सहा शिलिंग म्हणजे आपले किती रे? आणि गिरणी बंद पडली की पण द्यायचे?"