माईक कुणाच्या हातात?

कॅनडात कला-संस्कृतीच्या संस्था चालवणाऱ्यांना मूळनिवासींशी सलोखा कसा करावा, याचं प्रशिक्षण देतात. उमापुरात बसून ऐकलं की हे फार लांबचं वाटतं. पण तसं नाहीये...

1871च्या इंग्रजी कायद्याने आपल्याकडच्या कितीतरी जमातींवर 'जन्मतःच गुन्हेगार' असा शिक्का मारला. 1952 साली कायदा गेला, शिक्का राहिला. आमच्या बीड जिल्ह्यात आजही चोरी झाली की आधी पारध्यांकडे बोट जातं.

1998 साली 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड (आपल्या लातूरकडचे!), महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी गट काढला. त्याच वर्षी अहमदाबादच्या छारानगरात बुधन थिएटर सुरू झालं. बंगालमध्ये कोठडीत मेलेल्या बुधन सबरवरचं पहिलं नाटक छारा पोरांनीच उभं केलं. मोठी माणसं पाठीशी होती, पण रंगमंच आणि संस्था पोरांच्या हातात राहिली. मला सलोख्याचा खरा धडा हाच वाटतो.

आणि आपण काय करतो? गॅदरिंगला आपल्या पोरांना पानं-पिसं बांधून 'आदिवासी नृत्य' बसवतो. पालावरचं पोरगं मागे उभं राहून बघतं. म्हणजे शिकायची गरज खुर्चीवर बसणाऱ्यांनाच आहे.

माझं म्हणणं साधं आहे. गॅदरिंगच्या कमिटीत पालावरची एक आई घ्यावी. सतरंज्या उचलायला नको, कार्यक्रमात काय असावं ते ठरवायला. ती 'हा नाच नको' म्हणाली, तर तो काढायची आपली तयारी आहे का?

मंडळी, तुमच्या गावात कुणी असं केलंय का? असेल तर जरूर सांगा.