साडेआठचा प्रयोग

रात्री साडेआठच्या नाटकाला जायचं तर जेवायचं कधी, हा प्रश्न कुठल्याही मराठी घरात नीट सुटलेला मी पाहिलेला नाही. सातला जेवायला बसावं तर भूक नसते, आणि बळंच जेवून थंडगार अंधारात जाऊन बसलं की पहिल्याच प्रवेशात नवऱ्याची मान डुलायला लागते. नाटक सुटल्यावर जेवावं तर तोवर हॉटेलातल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या चढू लागलेल्या असतात. मग उरतो मध्यंतरातला बटाटावडा. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ साली उभं राहिलं. तिथे कुठली नाटकं चालली नि कुठली पडली याचा हिशेब निर्मात्यांनी ठेवावा; वडा मात्र कायम हाऊसफुल. पडदा पडला रे पडला की जोडीतला एक जण रांगेत धावतो आणि दुसरा दोघांचा चहा घेऊन कोपरा धरून उभा राहतो. संसारातली कामाची वाटणी इतकी बिनबोभाट एरवी कुठे होत नाही.

आधीच्या पिढ्यांना ही ओढाताण नव्हती. १८८०च्या ऑक्टोबरात अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. रात्री जेवणं उरकून लोक नाटकाला जात आणि बऱ्याचदा पहाटे परतत. पदाला वन्समोअर मिळाला की नाटक तेवढं लांबे, आणि बालगंधर्व गात असले की वन्समोअरला तोटा नसे. ‘मानापमाना’तली भामिनी शेवटी धैर्यधराची होणार हे ठाऊक असूनही त्यासाठी अर्धी रात्र थांबायची लोकांची तयारी होती.

पण त्या रात्रींचा हेवा करायला लागले की मला तिथली बसायची व्यवस्था आठवते. बायकांची जागा वेगळी असे. त्याआधी तर घरंदाज बाईनं नाटकाला जावं की नाही, इथूनच वाद. पुढे बायका जाऊ लागल्या आणि त्यांनी बालगंधर्वांच्या नेसण्याची, केशरचनेची नक्कल केली, हे आपण कौतुकानं सांगतो. त्यांचे नवरे मात्र तेच नाटक दुसऱ्या बाजूला बसून बघत होते. म्हणजे नाटकगृहभर खरी जोडपी विखुरलेली, आणि शेजारी शेजारी बसून प्रेमाचं बोलणारे दोघंच, रंगमंचावरचे. तेही दोघे पुरुष! आज एफ रांगेतल्या दोन खुर्च्यांमधल्या एकुलत्या हातावर कोणाचं कोपर टेकावं यावरून आमची अंधारात मूक झटापट चालते, तेव्हा ही झटापटसुद्धा तशी अलीकडचीच कमाई आहे असं वाटतं.

१ जुलै १९३३ ला मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं. श्री. वि. वर्तकांनी ते नॉर्वेजियन नाटककार बियर्नसनच्या नाटकावरून लिहिलं होतं. ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी त्यात कामं केली. बायकांची कामं बायकांनीच. नाटक आटोपशीर होतं, रात्र गिळणारं नव्हतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ नाटकातला प्रश्न: मुलीनं लग्नाआधी चोख असावं हे ज्या पुरुषाला गृहीत वाटतं, त्याला मुलीनं तोच नियम लावला तर? नाट्यपद गुणगुणत घरी जाता येतं. प्रश्न गुणगुणता येत नाही, तो सोबतच्या माणसाला विचारावा लागतो. नाटक लवकर सुटायला लागलं आणि घरी जाताना बोलायला विषयही मिळाला, ही दोन्ही कामं साधारण एकदमच झाली म्हणायची.

माझ्या मते नाटकानंतरचं जेवण त्यासाठीच असतं. प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ १९९१ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं आणि २०२२ साली मूळ दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णींनीच ते नव्या संचात पुन्हा बसवलं. आई आणि तीन मुलींची ती गोष्ट. त्यातल्या विद्याचा नवऱ्याशी फोनवरचा लांबलचक प्रवेश बघून आम्ही बाहेर पडलो आणि उशिरापर्यंत उघड्या असलेल्या एका उडुपी हॉटेलात बसलो. डोसा येईपर्यंत दोघंही गप्प होतो. मग नवरा म्हणाला, “एवढं सगळं फोनवर कशाला बोलायचं? समोर बसून बोलता आलं असतं.”

“समोर बसलं की तुम्ही मोबाइल बघता.”

“तुम्ही म्हणजे?”

“म्हणजे पुरुष.”

एरवी घरात हे तिसरं वाक्य आलं असतं तर चौथ्याला दार आपटलं असतं. इथे आम्ही सांबार मागवलं आणि विद्याच्या वतीनं मी, विद्याच्या नवऱ्याच्या वतीनं कोणीच नाही, अशी चर्चा बराच वेळ चालली. वकील न मिळालेल्या आरोपीसारखा तो बिचारा! मध्येच माझ्या नवऱ्यानं त्याच्या बाजूची एक गोष्ट सांगितली, ती नाटकात कुठेच नव्हती. कुठली ते मी ओळखलं, पण ओळखल्याचं दाखवलं नाही. पात्रांच्या नावानं बोलायची सोय अशी कामाला येते. जे सरळ म्हणायला धीर होत नाही, ते नाटककारानं लिहिलेल्या माणसांच्या अंगावर घालून म्हणता येतं, आणि फारच अंगाशी आलं तर ‘मी नाटकाबद्दल बोलतोय’ असं म्हणून सुटताही येतं.

सिनेमानंतर आमचं असं होत नाही. कदाचित पडद्यावरची माणसं फार मोठी आणि देखणी असतात म्हणून. नाटकातली बाई दहा हातांवर घाम पुसत उभी असते आणि तिचा आवाज खरंच चिरतो, त्यामुळे तिची बाजू घेणं शेजारणीची बाजू घेण्याइतकं सोपं जातं.

तेव्हा साडेआठच्या प्रयोगाला जाणाऱ्यांनी मध्यंतरात वडा एकच खावा आणि भूक राखून ठेवावी. हॉटेल फार चांगलं नसलं तरी चालेल. ते उशिरापर्यंत उघडं असावं, आणि शेजारच्या टेबलावर आपलं बोलणं ऐकू जाणार नाही इतका गोंगाट तिथे असावा.