अंगणातला भूर्ज

भूर्जपत्रावर पूर्वी ग्रंथ लिहीत, हे मी लहानपणी ऐकले होते. पण भूर्जाच्या कुळातला वृक्ष प्रत्यक्ष पाहिला तो अमेरिकेत, ताईच्या अंगणात. ताई शिकागोजवळ राहते. २००६ साली मुलगा झाला, तेव्हा तिने हा युरोपातला पांढरा भूर्ज हौसेने लावला होता. त्याची ती रुपेरी साल, त्या लवलवत्या फांद्या! जाणारे-येणारे क्षणभर थबकत.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी गेलो, तेव्हा मात्र शेंडा निष्पर्ण झाला होता. "पाणी घालते, खत घालते, तरी वरून वाळतच चालला आहे रे," ताई कष्टी होऊन म्हणाली.

तिने वृक्षांच्या एका जाणकाराला बोलावले. त्याने सालीवरची बारीक छिद्रे आम्हांला दाखवली. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, काशाच्या रंगाचा एक भुंगेरा सालीच्या फटींत अंडी घालतो. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी वाटा कोरतात. अन्नरसाचा मार्ग तुटतो आणि झाड शेंड्याकडून वाळू लागते.

"हा मेला किडा आला तरी कोठून?" ताईने विचारले.

"किडा इथलाच आहे, बाई. परका आहे तो तुमचा वृक्ष."

आम्ही चकित झालो. अमेरिकेतले भूर्ज आणि हा भुंगेरा हजारो वर्षांचे शेजारी; म्हणून तिथले भूर्ज त्याच्यापुढे पुष्कळ तग धरतात. युरोपातल्या भूर्जाला या शत्रूची ओळखच नव्हती. शिवाय त्याची मुळे उथळ; त्याला गार, ओलसर माती हवी. उघड्या अंगणातल्या तापलेल्या जमिनीत तो आधीच अशक्त झाला होता.

अखेर झाड तोडावे लागले. त्या दिवशी भाचा जेवला नाही. "मामा, ते माझ्याच वयाचे होते ना?" एवढेच तो म्हणाला. मला उत्तर सुचेना. झाड लावताना आपण त्याचे रूप पाहतो. त्याचे माहेर कोणते आणि इथे त्याला काय सोसावे लागेल, हे विचारीत नाही.

पुढे आम्ही तेथे त्याच प्रदेशातला, नदीकाठी वाढणारा भूर्ज लावला. त्याची साल तांबूस, पापुद्रे सुटणारी.

"हा पांढरा नाही," भाचा कुरकुरला.

पण संध्याकाळी झारी घेऊन पाणी घालायला पहिला धावला तो तोच!