सांधा लागला का?

अल थुमामात राहून कुणाला आगगाडीचं वेड लागावं असं वरकरणी इथे काही नाही. एक स्टेडियम आहे, 2021 मध्ये उघडलेलं, इथले पुरुष डोक्यावरच्या रुमालाखाली घालतात त्या गहफिया टोपीच्या आकाराचं. बाकी रुंद रस्ते, उंच भिंतींआडची घरं, आणि एकेका व्हिलाचे तीन-चार भाग पाडून भाड्याने दिलेल्या जागांमधले आमच्यासारख्यांचे संसार. दोह्याची मेट्रो सुरू झाली 8 मे 2019 ला. त्याआधी या देशात प्रवासी रेल्वेच नव्हती. ती पकडायलाही आम्हाला फ्री झोन स्टेशनपर्यंत गाडीने जावं लागतं. तरी गेलं वर्षभर दर शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलच्या फरशीवर रूळ पसरतात आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर येतो.

आम्ही सगळे म्हणजे मी, सात वर्षांचा निहार, आणि दौंडहून व्हिडिओ कॉलवर माझे वडील. नवरा चहा करतो आणि पायाखाली काय येतंय ते बघत जपून चालतो. इथले आठ म्हणजे तिकडचे साडेदहा. अण्णांची अंघोळ, पेपर, नाश्ता सगळं उरकलेलं असतं.

रूळ लेगोचे आहेत. एक सरळ तुकडा 128 मिलिमीटरचा, आणि सोळा वळणं जोडली की पूर्ण गोल होतो. नुसता गोल मुलाला चार दिवस पुरतो. पाचव्या दिवशी त्याला दुसरी गाडी हवी असते, मग दुसरी लाइन, मग एका लाइनवरून दुसरीवर जायची सोय. रूळ जिथे दुभंगतात त्याला छापील मराठीत सांधा म्हणतात. आमच्या रेल्वे कॉलनीत कुणी तो शब्द वापरत नसे, सगळे पॉइंटच म्हणत. लेगोच्या सांध्याला बाजूला एक पिवळा खटका असतो. तो बोटाने ढकलला की मधली जीभ सरकते आणि गाडीची वाट बदलते. निहारचं म्हणणं असं, की दोह्याच्या मेट्रोला ड्रायव्हरसुद्धा नाही, मग आपल्याकडे रूळ बदलायला माणूस का वाकतो?

प्रश्न रास्त होता. गंमत म्हणजे 1980 मध्ये लेगोने 12 व्होल्टची जी गाडी आणली होती तिच्यात विजेवर चालणारे सांधे मिळत, दुरून बटण दाबून बदलता येणारे. 1991 मध्ये 9 व्होल्टचे धातूचे रूळ आले आणि ती सोय गेली. नंतर बॅटरीवरच्या गाड्या आल्या, मोबाइलवरून चालणाऱ्या आल्या, सांधा मात्र बोटाचाच राहिला. त्यामुळे ज्याला हवा त्याने तो घरी करायचा, असा जगभरच्या हौशी लोकांचा रिवाज आहे.

करायला अवघड काही नाही. रिमोटच्या विमानांत असते तशी छोटी निळी सर्व्हो मोटर घ्यायची, वजन अवघं 9 ग्रॅम. तिला दर 20 मिलिसेकंदांनी एक विजेचा ठोका द्यायचा. ठोका 1 मिलिसेकंदाचा असला की तिचा हात एका बाजूला जातो, 2 मिलिसेकंदांचा असला की दुसऱ्या. हे ठोके द्यायला एक आर्डुइनो बोर्ड पुरतो. मोटरचा हात आणि पिवळा खटका यांच्यामध्ये मी कागदाच्या क्लिपची तार लावली, मधोमध इंग्रजी यूसारखी वाकवून. त्या वाकणामुळे तार थोडी स्प्रिंगसारखी वागते. मोटर गरजेपेक्षा जरा जास्त फिरली तरी ताण तारेवर जातो, तिचे प्लास्टिकचे दाते शाबूत राहतात. दोन संध्याकाळी गेल्या. निहारने बटण दाबलं, जीभ सरकली, गाडी दुसऱ्या लाइनवर गेली. मी मोठ्या अभिमानाने त्याचा व्हिडिओ अण्णांना पाठवला.

उत्तर आलं, "पॉइंट हलला. पण लागला का?"

अण्णा सिग्नल खात्यात होते. खलाशी म्हणून लागले आणि मेंटेनर होऊन निवृत्त झाले. दौंडला आमचं सगळं बालपण त्यांच्या फोनवर बेतलेलं होतं. 'फेल्युअर' एवढा एकच शब्द आम्हाला कळायचा. रात्री दोनला कुणीतरी दार वाजवायचं, अण्णा सायकल काढायचे आणि सकाळी ग्रीसचे हात रॉकेलने धुताना दिसायचे. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला ते घरी असल्याचं मला फार वेळा आठवत नाही. काय बिघडलं होतं, काय केलं, हे घरी कधी बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. त्यांचं शिक्षण आयटीआयचं, मी पुढे रासायनिक अभियांत्रिकीत पीएच.डी. केली, माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, त्यांच्या कामाबद्दल मी नाही. फोनवर जेवण झालं का, हवा काय म्हणते, यापुढे आमची गाडी सरकत नसे.

त्या एका प्रश्नावर मात्र आम्ही त्या दिवशी सव्वा तास बोललो. अण्णांनी समजावलं ते असं. खऱ्या सांध्यात दोन भाग असतात, जागेवर पक्का असलेला स्टॉक रेल आणि सरकणारा टंग रेल. त्यांच्या वेळच्या मशीनमध्ये 110 व्होल्टच्या मोटरवर 143 मिलिमीटरचा फेरा असायचा. मोटर फिरली म्हणजे काम झालं असं नाही. मध्ये खडी अडकली, दांडी वाकली, तर मोटर आपलं काम करते आणि टंग रेल मधेच राहतो. चाकाला एवढी फट पुरते. म्हणून मशीन आधी टंग रेल जागेवर कुलूपबंद करतं आणि मग वेगळ्या तारेवरून स्टेशन मास्तरकडे कळवतं की पॉइंट नॉर्मलला लागला, किंवा रिव्हर्सला लागला. ती खबर आल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. तिला डिटेक्शन म्हणतात. "तू मोटरला हुकूम दिलास," अण्णा म्हणाले, "तिच्याकडून पावती कुठे घेतलीस?"

माझ्या निळ्या मोटरला पावती देता येत नाही. तिला फक्त ऐकता येतं. मग मी प्रत्येक सांध्याला दोन मायक्रोस्विच लावायचं ठरवलं. जीभ एका बाजूला पूर्ण गेली की एक दाबला जातो, दुसऱ्या बाजूला गेली की दुसरा. एकही दाबलेला नसेल तर जीभ अधांतरी आहे. दोन्ही दाबलेले दिसले तर स्विच किंवा तार खराब आहे. दोन्ही वेळा दिवा लाल आणि गाडी जागेवर.

यावर अण्णांचा पुढचा प्रश्न, "टेस्ट पीस किती घेणार?" खऱ्या सांध्याची परीक्षा घेताना टोकापासून 150 मिलिमीटरवर 5 मिलिमीटर जाडीचा तुकडा मधे धरून पॉइंट फिरवतात. तुकडा मधे असताना मशीनने 'लागला' असं सांगता कामा नये. मी हिशेब केला. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1676 मिलिमीटर, लेगोच्या रुळांची साधारण 38, म्हणजे 44 पट फरक. त्या मापाने 5 मिलिमीटरचे होतात 0.11, म्हणजे जवळपास एका कागदाची जाडी. अण्णा लगेच म्हणाले, "मग कागद घालून बघ." मी सांगितलं की मायक्रोस्विचचं बटण दाबलं जाणं आणि सुटणं यातच त्याहून जास्त अंतर असतं, शिवाय प्लास्टिक आहे, थोडं वाकणार. दोन शुक्रवार वाटाघाटी चालल्या. शेवटी जुन्या एटीएम कार्डाच्या तुकड्यावर तडजोड झाली. कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर, जगभर तीच. "खेळण्याला चालेल," असं अण्णा म्हणाले, पण नाखुशीने.

तिसरा सांधा डाव्या हाताचा होता, आधीचे दोन उजव्या हाताचे. तशाच तारा जोडल्या तर याचं नॉर्मल म्हणजे रिव्हर्स होतं. प्रोग्राममध्ये एका ओळीत ते उलटवता येतं, आणि मी तेच करणार असल्याचं बोलता बोलता सांगितलं. अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "पोरी, तारा बदल. प्रोग्राम तुला माहीत. उद्या दुसऱ्या कुणी पेटी उघडली तर तो तारा बघणार. तारेवर एक आणि आत दुसरंच, असं ठेवू नये."

आणि मग ते पहिल्यांदाच बालासोरबद्दल बोलले. 2 जून 2023 च्या संध्याकाळी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनवर कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा लूप लाइनचा लागलेला होता. लूपवर मालगाडी उभी होती. 290 हून जास्त माणसं गेली. चौकशीत सिग्नलच्या जोडणीत केलेल्या फेरबदलांमधल्या त्रुटींवर बोट ठेवलं गेलं. तेव्हा आईने मला फोनवर सांगितलं होतं की हे दोन दिवस टीव्हीसमोरून उठले नाहीत, जेवलेही नाहीत. मला वाटलं होतं, जुन्या खात्याची ओढ. आता अण्णा सावकाश सांगत होते की सगळ्या यंत्रणेचा जीव त्या पावतीत असतो, आणि पावतीच खोटी आली तर ड्रायव्हर, स्टेशन मास्तर कुणाच्याच हातात काही राहत नाही. रात्री दोनला दार वाजलं की सायकलवर जाताना त्यांच्या डोक्यात एवढंच असायचं. गाडी लेट झाली तर होऊ दे, पण आपल्या हातून खोटी पावती जायला नको. हे ऐकायला मला पस्तिशी गाठावी लागली, आणि मध्ये एक खेळणं यावं लागलं.

मी तारा बदलल्या. प्रत्येकीवर कागदी पट्टी गुंडाळून 'न' आणि 'रि' लिहिलं. अक्षर निहारचं आहे.

माझं स्वतःचं काम समुद्राच्या पाण्यातून मीठ काढणाऱ्या पडद्यांवर आहे. कतारमध्ये पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढूनच तयार होतं. अशा प्लांटमधल्या झडपांनाही दोन टोकांना लिमिट स्विच असतात. झडप उघड म्हणून सांगणं वेगळं आणि ती उघडली हे कळणं वेगळं. हे मी पाठ्यपुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. आमच्या घरातला एक माणूस तीस वर्षं तेच करून पगार आणत होता, हे दोन्ही कधी एकत्र जोडलं गेलं नव्हतं. आता अण्णा कधीकधी विचारतात, तुमच्याकडे पावती कशी घेता? मी सांगते. ते ऐकतात, आणि नेमकी शंका काढतात.

दौंडहून पुण्याला जाऊन कर्वे रस्त्याजवळचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आम्ही पाहिलं होतं. ते 1998 मध्ये सुरू झालं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. आम्ही मुलं गाड्यांमागे माना फिरवत होतो आणि अण्णा एकाच जागी वाकून उभे होते. काय बघत होते ते आता कळतं. परवा विचारलं तर हसून म्हणाले, "गाड्या काय, रोजच बघत होतो."

माझं पोस्टडॉकचं कंत्राट वर्षावर्षाने वाढतं. या वेळी वाढणार की नाही, ते ऑगस्टच्या आधी कळणार नाही. तिघांचे क्यूआयडी माझ्या नोकरीवर आहेत, त्यामुळे नाही म्हटलं गेलं तर काही आठवड्यांत घर आवरायचं. म्हणून सगळं सुटं होईल असंच बांधलंय. एकेक सांधा त्याच्या मोटरसकट एकेका बिस्किटाच्या डब्यात मावतो. पिवळे खटके मी काढले नाहीत, कारण अण्णांचा आग्रह. मोटर बंद पडली की खऱ्या मशीनला क्रँक हँडल लावून हाताने फिरवतात, तेव्हा हाताची सोय हवीच. निहारने मात्र नियम केलाय की हँडल मागायला आधी स्टेशन मास्तरची परवानगी लागेल, आणि स्टेशन मास्तर आजोबा. शुक्रवार सोडून बाकी दिवशी म्हणूनच दौंडला भलत्या वेळी फोन जातो. आई म्हणते, ते दुपारचे झोपत नाहीत हल्ली, फोन जवळ घेऊन बसतात.

अण्णांनी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पासपोर्टसाठी अर्ज केलाय. कंत्राट वाढलं तर हिवाळ्यात दोघं इकडे येतील आणि आम्ही त्यांना फ्री झोनहून मेट्रोत बसवू. नाही वाढलं तर डबे तिकडे जातील. दोन्हींची तयारी आहे.

मधल्या काळात दौंडहून येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर त्यांनी छोटंसं पुडकं पाठवलं. आत पितळेची पट्टी होती, बोटाच्या पेराएवढी, कानशीने घासून गुळगुळीत केलेली. रेल्वेचा टेस्ट पीस त्यांनी निवृत्तीच्या दिवशी जमा केला होता. हा त्यांनी आमच्यासाठी घरी बसून केला. मी मोजली, अर्धा मिलिमीटर भरली. एटीएम कार्ड त्यांना पटलं नव्हतंच. पहिले दोन सांधे या पट्टीला उतरले. तिसरा अजून उतरत नाही, पट्टी मधे असतानाही 'लागला' म्हणून सांगतो. या शुक्रवारी त्याचा मायक्रोस्विच थोडा मागे सरकवायचा आहे.