हारापुरती जागा

आमच्या घरातल्या जुन्या फोटोंत बाबा कुठेच नाहीत. त्यांची सावली मात्र बहुतेक फोटोंत आहे. फोटो काढताना सूर्य पाठीशी असावा, हा नियम त्यांनी कुठेतरी वाचला होता आणि तो ते संध्याकाळच्या कलत्या उन्हातही इमानाने पाळत. त्यामुळे अजिंक्यताऱ्यावर काय किंवा सज्जनगडाच्या पायऱ्यांवर काय, आजी, आई, ताई आणि मी डोळे बारीक करून उभे आहोत आणि आमच्या पायांशी दोन्ही कोपरं वर केलेली एक लांबलचक सावली पडली आहे. ते बाबा.

कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. 120 चा रोल घालायचा, त्यात चौकोनी 12 फोटो बसायचे. 12 म्हणजे थोडेच, म्हणून ते इतके जपून वापरायचे, की एक रोल गणपतीत सुरू झाला तर संक्रांतीपर्यंत पुरायचा. आजीला हा प्रकार पसंत नव्हता. फोटोने आयुष्य घटतं, असं तिचं ठाम मत. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळक्यांचा बडोद्यातला फोटोचा धंदा म्हणे याच समजुतीपायी बसला. आजीला फाळके माहीत नव्हते, पण लोकांचं काय चुकलं होतं, असंच ती म्हणाली असती.

घरात कॅमेरा आल्यावर बाबांच्या लेखी फोटोग्राफर हा चैनीचा विषय झाला. अपवाद माझ्या मुंजीचा. आईने हट्टच धरला, म्हणून 1970 च्या मे महिन्यात आमची वरात साताऱ्याच्या राजपथावरच्या स्टुडिओत गेली. पडद्यावर रंगवलेलं कारंजं, संगमरवरी कठडा, दोन हंस. आणि त्या राजेशाही बागेसमोर मी, डोक्याचा गोटा केलेला, हातात दंड. स्टुडिओवाले काका काळ्या कापडात डोकं खुपसून आतूनच सूचना देत होते. ‘हनुवटी खाली. अजून थोडी. आता श्वास धर.’ दिव्यांच्या उष्णतेने घाम कानामागून ओघळत होता.

चार दिवसांनी बाबांबरोबर प्रिंट आणायला गेलो, तेव्हा काका खिडकीपाशी बसून माझ्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवत होते. टोक सुईसारखं. कानाच्या वर न्हाव्याचा वस्तरा लागला होता, ती खूण ते भरत होते. मी वाकून पाहिलं तर निगेटिव्हमध्ये माझं तोंड काळंठिक्कर आणि जखमेची काळी रेघ मात्र काचेसारखी पारदर्शक. ‘इथं काळं केलं की कागदावर उजळतं,’ काका म्हणाले. ठिपक्याला ठिपका लावत होते. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि घरी आल्यावर म्हणाले, ‘बटण दाबायचे इतके पैसे!’

हे वाक्य मी वारसाहक्काने घेतलं. 1984 साली ताईचा साखरपुडा ठरला, तेव्हा मी 22 वर्षांचा होतो आणि मित्राकडून 35 मिलिमीटरचा कॅमेरा आणला होता. ‘फोटोग्राफर कशाला? मी आहे ना!’ बाबा खूश. दिवसभर मी टिपत होतो. ओटी, अंगठ्या, पेढे, आजीचं ठेवणीतलं लुगडं. 36 फोटो झाले तरी रोल संपेना. 37, 38. मला वाटलं, नशीब जोरावर आहे. 40 झाल्यावर पोटात गोळा आला. फिल्मचं टोक आतल्या चक्रीत नीट अडकलंच नव्हतं. मी खटका ओढत होतो, आकडा पुढे जात होता आणि फिल्म जागची हलली नव्हती. प्रत्येक वेळी डावीकडची कळ फिरते का, एवढं पाहिलं असतं तरी कळलं असतं. ताई काही बोलली नाही. आजी तेवढी म्हणाली, ‘बरं झालं, आयुष्य वाचलं सगळ्यांचं.’

लग्नाला मग बाबांनी मुकाट्याने स्टुडिओवाल्या काकांना सांगून टाकलं. मी अपराधी माणसासारखा दिवसभर त्यांच्या मागे फिरलो, बॅटरीची पिशवी धरून. फ्लॅश एकदा पडला की पुन्हा तयार व्हायला काही सेकंद घ्यायचा, बारीक शिट्टीसारखा आवाज करत. म्हणून शेवटच्या मंगलाष्टकाला काकांनी हात आवरून धरला. लोक अधूनमधून अक्षता उधळत होते, काका स्टुलावर चढून नुसते बघत होते. अंतरपाट सरकला, ताईने मान वर केली, तेव्हा एकदाच उजेड पडला. त्या फोटोत अक्षता हवेत आहेत.

पण सगळ्यात जास्त आठवतं ते जेवणाआधीचं. घरच्यांचा ग्रुप उभा राहिला. मी असतो तर ‘रेडी’ म्हणून मोकळा झालो असतो. काकांनी कॅमेऱ्यावरून नजर काढली, रांग मोजल्यासारखी पाहिली आणि विचारलं, ‘नवरीचे वडील कुठायत?’

बाबा मुदपाकखान्याशी आचाऱ्याशी जिलब्यांचा हिशोब करत होते. ‘तुम्ही घ्या काढून, मला काय करायचंय फोटोत,’ असं तिथूनच ओरडले. काका स्वतः गेले, हाताला धरून त्यांना घेऊन आले, मधोमध उभं केलं, फेटा सरळ केला आणि म्हणाले, ‘मास्तर, आज तुमची सुट्टी.’ बाबा हसले.

1997 मध्ये बाबा गेले. दहाव्या दिवसापर्यंत फोटो हवा होता. अल्बम, ट्रंका, सगळं उपसलं, सावल्याच सावल्या. शेवटी तो ग्रुप हाती लागला. काका आता थकले होते. त्यांनी एक जाडजूड वही काढली, बोट फिरवत 1984 चा मे गाठला, नंबर वाचला आणि मागच्या कपाटातून बटरपेपरच्या पाकिटातली निगेटिव्ह काढून उजेडाकडे धरली. पाव तास लागला असेल. 13 वर्षं ती तिथे वाट बघत होती. बैठकीच्या खोलीत आज जे बाबा हसतात, त्यांच्या खांद्यावर नीट पाहिलं तर ताईच्या शालूचा काठ दिसतो.

माझ्या फोनमध्ये आता हजारो फोटो आहेत. हाताच्या अंतरावरून काढलेले, त्यामुळे नाक पुढे आणि कान मागे. त्यांत कोण राहून गेलं, हे विचारणारं कुणी नाही. बाबा ज्याला बटण दाबायचे पैसे म्हणत, ते पैसे त्या विचारण्याचे होते. आणि त्या वहीचे.

आईला हे माझ्या आधी कळलं असावं. मागच्या वर्षी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, ती म्हणाली, ‘मला जरा स्टुडिओत ने.’ लिंबू रंगाचं इरकल नेसली, कुंकू न लावता नुसतं अष्टगंधाचं बोट टेकवलं. आता काकांचा मुलगा दुकान बघतो. हंसांचा पडदा गेला, संगणक आला. त्याने विचारलं, ‘काकू, आधारला हवाय का बँकेला?’

‘हाराला,’ आई म्हणाली.

मी जमिनीकडे पाहिलं. तो हसला नाही की थबकला नाही. स्टूल थोडं मागे सरकवलं, कॅमेऱ्यातून पाहिलं, पुन्हा थोडं मागे घेतलं.

‘मग चारी बाजूंनी जागा सोडतो,’ तो म्हणाला, ‘हार घातला की चेहरा झाकायला नको.’