गारा पडल्या तर कोणाच्या?

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच करारनामा केला, तोही माझ्या शाळेच्या वहीतल्या पाठकोऱ्या पानावर. सौंसर तहसिलीत आमचा संत्र्याचा छोटा बगीचा. मृगाचा बहार झाडावर असतानाच तो व्यापाऱ्याला ठोक्याने द्यायचा, इसार घ्यायचा आणि तोड होईपर्यंत राखण कोणाची, पाणी कोणाचे, हे तोंडी ठरवायचे, ही आमच्याकडची जुनी चाल. एका वर्षी तोडीच्या तोंडावर, फेब्रुवारीत, गारा पडल्या. सकाळी झाडाखाली फळांचा सडा. व्यापारी आला, बांधावरूनच बगीचा पाहिला, "इसार बुडाला माझा" म्हणाला आणि गेला तो परत फिरकला नाही. त्याला लबाड तरी कसे म्हणावे? सौदा करताना गारांचे नाव कोणीच काढले नव्हते.

पुढच्या वर्षी बाबांनी मला जवळ बसवले. म्हणाले, "बाबू, भाव मागून लिहू. गारा पडल्या त नुकसान कोनाचं, थे आधी लिही." अर्धे त्याचे, अर्धे आमचे असे ठरले. खाली दोघांच्या सह्या.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी नागपुरात प्रकल्पांच्या अहवालांत पडलो. सरकार आणि खाजगी कंपनी मिळून रस्ता, पाणीपुरवठा, बसस्थानक उभे करतात, त्याचे आराखडे. गरज काय, खर्च किती, पैसा कोण घालणार, तो कशातून फिटणार, असा तो हिशेब असतो. त्यात एक तक्ता असतो. डावीकडे संकटे: जमीन वेळेवर न मिळणे, सिमेंट महागणे, वाहने कमी येणे. उजवीकडे, त्या संकटाचा भार कोणावर. हा तक्ता मी प्रथम पाहिला तेव्हा मला बाबांचे पाठकोरे पान आठवले.

ही भागीदारी आजची नव्हे. पांढुर्ण्यावरून जाणारा लोहमार्ग ज्या जी. आय. पी. रेल्वेचा, त्या कंपनीला 1849 च्या कराराने भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी मिळाली होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. खर्च आवरण्याची कंपनीला मग गरजच काय? थोडक्यात, गारा साऱ्या रयतेच्या. दाभोळच्या वीज प्रकल्पातही तेच झाले. 1993 च्या करारात इंधन महागले, डॉलर चढला, तरी भार वीज मंडळावर होता. वीज उचलली नाही तरी ठराविक आकार देणे होतेच. 2001 मध्ये तो प्रकल्प बंद पडला.

आमच्या दाराशी असलेला नागपूर-बैतूल चौपदरी रस्ता थोडा निराळ्या रीतीने झाला. कंपनीने पैसा उभा करून रस्ता बांधायचा आणि राखायचा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने तिला दर सहा महिन्यांनी ठरलेला हप्ता द्यायचा. वाहने थोडी आली की फार, ही काळजी प्राधिकरणाची. काम वेळेत आणि नीट होणे, ही कंपनीची. ज्याला जे संकट अधिक चांगले सांभाळता येते, त्याच्याकडे ते सोपवावे, असे डॉ. विजय केळकरांच्या समितीनेही 2015 मध्ये सांगितले. बाबांनी केळकर वाचले नव्हते. गारा मात्र पाहिल्या होत्या.

इथपर्यंत मला वाटे, आपल्याला हा विषय समजला.

कॉलेजात असताना सुटीत चार पैसे मिळावेत म्हणून मी आमच्या भागातल्या एका रस्त्यावर वाहने मोजायला बसलो होतो. सात दिवस, रात्रंदिवस, पाळीपाळीने. चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी. त्या मोजणीचे एक कोष्टक असते. 1990 च्या मानकाप्रमाणे मोटार म्हणजे एक, ट्रक तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि मोठी बैलगाडी आठ! ती हळू चालते, रस्ता अडवते, म्हणून. बाबांना सांगितले तेव्हा ते केवढे हसले होते! "म्हंजे आपला खटारा आठ मोटारीचा!"

पुढे तो रस्ता रुंद झाला, भरावावर चढला. काही वर्षांनी मी पोळ्याला गावी गेलो. बैल धुऊन, शिंगे रंगवून झाली होती. काकू उंबऱ्यावर पाय चोळत बसली होती. तिचे वावर रस्त्याच्या पलीकडे. पूर्वी दोन मिनिटांत ओलांडून जायची. आता डोक्यावर भारा घेऊन पुलाखालच्या वाटेपर्यंत जायचे आणि तेवढेच परत यायचे. मला पाहून म्हणाली, "तू त रस्ता मोजाले बसला होता न रे? मग मले काऊन नाही मोजलं?"

मी काय सांगणार? माझ्या कागदावर रस्त्याने जाणाऱ्याचा रकाना होता. रस्ता ओलांडणाऱ्याचा नव्हता. ती सातही दिवस माझ्यासमोरून गेली. एकदा तर मला भाकरी देऊन गेली. मी तिची रेघ ओढली नाही. जो मोजला गेला नाही त्याच्यासाठी आराखड्यात वाट निघत नाही. भागीदारीचा कागद दोघांचा असतो. संकटांचा तक्ता कितीही चोख असला, तरी तिसऱ्यावर पडणाऱ्या गारा त्यात आपोआप येत नाहीत.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक मोजणीत एक जादा कागद असतो: ओलांडणारी माणसे, गुरे, गाड्या, कोणत्या जागी आणि किती वाजता. वरिष्ठ कधी कुरकुरतात, कधी मान्य करतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. अहवाल इंग्रजीत, सूचना हिंदीत आणि गाऱ्हाणे मराठीत. जनसुनवाईत आपली बाईमाणसे मागच्या रांगेत गप्प बसतात. तिथे घरातल्या शिकलेल्या पोरापोरींनी उठून त्यांचे बोलणे हिंदीत मांडले पाहिजे आणि लिहून घ्यायला लावले पाहिजे.

2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. आता नवी कामे निघतील, नवे करार होतील, व्हावेत. त्या वेळी भाव काय ठरला हे विचाराच, पण त्याआधी गारांचे विचारा.

काकू आता थकली. वावर ठोक्याने देते. कागद मीच लिहितो. पहिले कलम ती स्वतः सांगते.